तयार साच्यातील संकेतस्थळ : नवशिक्या वैद्यास ते कितपत हितावह?

वैद्याचे स्वतःचे संकेतस्थळ असावे की नसावे, हा वाद आता बहुतांशी मिटला आहे. गावातील रुग्णसुद्धा निघण्यापूर्वी दवाखान्याची वेळ भ्रमणध्वनीवर पाहतो, आणि ती तेथे न आढळल्यास दुसऱ्या दवाखान्याची पाहतो. वाद उरला आहे तो संकेतस्थळ कोणाकडून करून घ्यावे याचा. व्यावसायिकास पैसे देऊन करून घ्यावे, की ज्यात चौकटी माऊसने ओढून पानावर सोडल्या की काम होते अशी विक्स, वीबली, स्क्वेअरस्पेस, गूगल साइट्स यांसारखी तयार साधने वापरून आपणच रचावे? मंडळाच्या बैठकीनंतर हा प्रश्न तरुण वैद्य आणि औषधी दुकानदार दोघेही विचारतात, म्हणून त्यासंबंधी माझे मत येथे मांडतो.

मत प्रथमच सांगून टाकतो. दवाखान्याची माहिती देणारे चार-पाच पानांचे पहिले संकेतस्थळ नवशिक्याने अशा साधनावर अवश्य रचावे. औषधविक्रीचे दुकान मात्र त्यावर घाईने उघडू नये. आणि या दोन्ही बाबतींत धोका आहे तो तंत्राचा नसून साच्यात आधीच भरून ठेवलेल्या मजकुराचा आहे.

ही पद्धत नवी आहे असा पुष्कळांचा समज असतो. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर सामान्य माणसे विनामूल्य पाने रचीत असत आणि पुढे याहूच्या ताब्यात गेल्यावर तेथे ओढून-सोडून पान जुळवण्याचे साधनही उपलब्ध होते. याहूने २००९ मध्ये ती सेवा जपान वगळता सर्वत्र बंद केली आणि लक्षावधी पाने एका दिवसात दिसेनाशी झाली. स्क्वेअरस्पेस २००३ चे, विक्स आणि वीबली २००६ चे. वर्डप्रेसनेही डिसेंबर २०१८ पासून चौकटी रचण्याची पद्धत आपल्या मूळ संपादकात आणली. म्हणजे या साधनांना एक पिढी उलटून गेली आहे. त्यांचे गुणदोष पारखण्याइतका अनुभव आज उपलब्ध आहे.

त्यांचा खरा गुण ‘अर्ध्या तासात संकेतस्थळ’ हा नव्हे. तो जाहिरातीतला गुण झाला. खरा गुण असा की दुरुस्ती वैद्याच्या हाती राहते. दवाखान्याची वेळ पावसाळ्यात बदलते, शरद ऋतूत विरेचन-रक्तमोक्षणाची शिबिरे लागतात, वैद्य परिषदेस जातात तेव्हा दोन दिवस दवाखाना बंद असतो. हे सारे त्याच दिवशी पानावर आले पाहिजे. माझ्या परिचयातील एका वैद्यांनी व्यावसायिकाकडून देखणे संकेतस्थळ करून घेतले. पुढे दवाखाना दुसऱ्या पेठेत हलला. परंतु पत्ता बदलण्यासाठी त्या गृहस्थास दूरध्वनी करकरून ते थकले. रुग्ण कित्येक महिने जुन्या जागेच्या पायऱ्या चढत राहिले. अधिक चौकशी करता असे कळले की संकेतस्थळाचे नावही त्या गृहस्थाने स्वतःच्याच नावे नोंदवलेले होते. ज्याला स्वतः दोन चौकटी हलवता येतात त्याच्यावर हा प्रसंग येत नाही. मला वाटते, एवढ्या एका कारणासाठीही नवशिक्याने हे साधन शिकून घ्यावे.

परंतु स्वातंत्र्य मिळते ते किती, हेही पाहिले पाहिजे. तयार कल्प बाटलीतून घेताना त्यातील घटकांचे प्रमाण आपणांस बदलता येत नाही. तसेच येथे आहे. विक्सवर रचलेले संकेतस्थळ जसेच्या तसे उचलून दुसऱ्या सेवादात्याकडे नेता येत नाही. मजकूर आणि चित्रे हाती राहतात, रचना राहत नाही. वर्डप्रेस हे मुक्त स्रोताचे असल्याने ते हलवता येते, मात्र त्याची अद्ययावतता व सुरक्षा आपणांस सांभाळावी लागते. नवशिक्यास ते प्रारंभी जड जाते. विनामूल्य सेवेचे तर बोलायलाच नको. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून एका कळीसरशी तयार होणारी लहान संकेतस्थळे अनेक दवाखान्यांनी व दुकानांनी घेतली होती. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सर्व बंद केली. जुन्या पत्त्यावर येणारा माणूस १० जून २०२४ पर्यंत व्यवसायाच्या प्रोफाइलकडे वळवला जात होता, त्यानंतर तेही थांबले. ज्यांनी तो पत्ता चिठ्ठीवर, पाटीवर आणि औषधाच्या पिशव्यांवर छापून घेतला होता त्यांचे छापील कागद निरुपयोगी झाले.

यावरील उपाय सोपा आहे आणि तो फारसा खर्चिकही नाही. साधन कोणतेही घ्या, नाव स्वतःचे घ्या. ‘.इन’ने संपणारी नावे २००५ पासून सर्वांना खुली आहेत. २०१४ पासून ‘.भारत’ने संपणारे देवनागरी नावही मिळते. ते वैद्याच्या स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-पत्त्यावर नोंदलेले असावे. नाव आपले असले म्हणजे उद्या साधन बदलले तरी रुग्णास जुनाच पत्ता पुरतो. दुसरे असे की सर्व मजकूर प्रथम संगणकावरील स्वतंत्र धारिकेत लिहावा आणि तेथून पानावर न्यावा; थेट चौकटीत लिहू नये.

मजकुराचा विषय निघालाच आहे तर मराठीचे काय, हेही पाहू. या साधनांचे साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. शीर्षकासाठी निवडलेला देखणा टंक देवनागरीत उपलब्धच नसतो. मग भ्रमणध्वनी आपल्याजवळचा कोणताही टंक लावतो आणि पान विजोड दिसते. ओळींतील अंतर कमी ठेवलेले असल्यास वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. ‘सर्पगंधा’चा रफार गेला की काय उरते ते पाहा! यासाठी मुक्ता, नोटो यांसारखे विनामूल्य देवनागरी टंक निवडावेत आणि ओळींतील अंतर वाढवावे. पानाची भाषा मराठी अशी नोंद केली आणि टंकात तशी सोय असली तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न दिसता आपल्या वळणाचे दिसतात. आणखी एक अडचण आपल्याच घरची आहे. आपली पथ्यापथ्याची पत्रके डीटीपी केंद्रात बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत जुळवलेली असतात. तो मजकूर चौकटीत चिकटवल्यास रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसतो. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून, पुन्हा एकदा नजरेखालून घालूनच तो वापरावा. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात आणि औषधांच्या नावांत तर हमखास बिघडतात.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः ही लेखणी उचलली तिच्याकडे वळतो.

या साधनांत आयुर्वेदाचा समावेश बहुधा ‘स्पा’ आणि ‘वेलनेस’ या सदरात केलेला असतो. काळे गुळगुळीत दगड, बांबू, फुले आणि डोळे मिटलेली परदेशी स्त्री, हे चित्र तर ठरलेलेच. ते एक वेळ हसून सोडून देता येईल. परंतु साच्यात पुढे चौकटी असतात त्या अशा : ग्राहकांचे अनुभव, उपचारापूर्वी व उपचारानंतर, यशाची टक्केवारी, समाधानी ग्राहकांचा आपोआप वाढत जाणारा आकडा. केशकर्तनालयास किंवा उपाहारगृहास हे शोभते. नवशिक्या वैद्य मात्र चौकट रिकामी दिसते म्हणून ती भरतो. ‘मधुमेहापासून कायमची मुक्ती’ असे लिहितो, रुग्णाचे छायाचित्र लावतो, आणि आपण काही विशेष केले असे त्यास वाटतही नाही.

ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या परिशिष्टात ५४ रोगांची व अवस्थांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, पक्षाघात, अपस्मार, हृद्रोग, रक्तदाब, मूतखडा, स्थौल्य, श्वित्र, स्त्रियांचे वंध्यत्व हे सारे तीत येतात. अमुक औषधाने हे रोग बरे होतात वा टळतात असे सुचवणारी जाहिरात करण्यास या कायद्याने मनाई आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा अपराध घडल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. जाहिरातीची व्याख्या तर इतकी व्यापक की प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही तीत बसते. १९५४ साली संकेतस्थळ कोणाच्या स्वप्नातही नव्हते, तरी त्या शब्दांतून संगणकाचा पडदा सुटेल असे मला वाटत नाही.

यावर काही वैद्यबंधू म्हणतात की दवाखान्याच्या पाटीवर आम्ही हेच लिहितो, मग येथे काय बिघडले? प्रश्न योग्य आहे. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये नोंदणीकृत वैद्यकास एक सवलत दिलेली आहे : या रोगांवर येथे चिकित्सा केली जाते असा फलक तो आपल्या जागेत लावू शकतो. मात्र ही सवलत जागेशी बांधलेली आहे. मुंबईतील दवाखान्याची पाटी नागपूरचा माणूस वाचत नाही. संकेतस्थळ नागपूरचाच काय, न्यू जर्सीचाही वाचतो. त्यास दवाखान्यातील फलक मानावे हा युक्तिवाद कोणी न्यायालयात अवश्य करून पाहावा, पण नवशिक्या वैद्याने तो आपल्या पहिल्या संकेतस्थळाच्या बळावर करू नये.

म्हणून माझी सूचना अशी की साचा निवडल्यावर पहिले काम चौकटी भरण्याचे नव्हे, काढून टाकण्याचे करावे. अनुभव, टक्केवारी, छायाचित्रांच्या जोड्या, सूट आणि उलटी मोजणी करणारे घड्याळ, हे प्रथम पुसावे. जे उरेल त्यात वैद्याचे नाव, पदवी, महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडील नोंदणी क्रमांक, वेळ, पत्ता, नकाशा, पंचकर्माची सोय आहे की नाही, आणि ऋतुचर्येसारख्या विषयांवर स्वतः लिहिलेली दोन-तीन पाने ठेवावीत. अलीकडे ही साधने कृत्रिम बुद्धिमत्तेने मजकूरही लिहून देतात. तो वाचावयास गोड असतो. परंतु ‘मुळापासून रोगनाश’ आणि ‘दुष्परिणामरहित’ हे शब्द त्यात न मागता येतात. तो जसाच्या तसा लावल्यास सही मात्र आपलीच असते.

संपर्काच्या चौकटीसंबंधीही सावध राहावे. तीत ‘आपला आजार सविस्तर लिहा’ असे खाते ठेवल्यास रुग्णाचे गुह्य त्या साधनाच्या कंपनीच्या साठ्यात जाऊन बसते. २०२३ मध्ये व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी रुग्णाने कानात सांगितलेली गोष्ट परक्याच्या वहीत लिहिणे आपल्या परंपरेस मानवले नसते. नाव, दूरध्वनी आणि सोयीची वेळ एवढेच विचारावे.

औषधी दुकानदारांचा प्रश्न निराळा आहे. त्यांना विक्री करावयाची असते, आणि ही साधने एका कळीवर ‘दुकान’ उघडून देतात. माल टोपलीत टाकणे, पैसे भरणे हे सारे सुबक चालते. मात्र त्या दुकानाला च्यवनप्राश आणि त्रिभुवनकीर्ती यांतला भेद कळत नाही. त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ आहे, हिंगुळ आहे. आरोग्यवर्धिनीत पारद आहे. ही द्रव्ये अनुसूची ई (१) मध्ये येतात, आणि अशी द्रव्ये असलेली औषधे वैध चिठ्ठी ग्राहकाने जोडल्यानंतरच विकावीत, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या मंचांना बजावले आहे. काउंटरवर उभा असलेला जाणता माणूस ‘चिठ्ठी दाखवा’ म्हणतो. साच्यातील दुकान, आपण तशी सोय मुद्दाम लावल्याखेरीज, म्हणत नाही. त्याशिवाय २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याचे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क पानावर द्यावा लागतो. साच्यात त्यासाठी जागा नसली तर ती स्वतः करावी लागते.

माझ्या मते दुकानदाराने प्रथम वर्षभर केवळ सूचीचे संकेतस्थळ चालवावे : कोणत्या औषधशाळांची औषधे मिळतात, कोणत्या वनस्पती सुक्या मिळतात, दुकान केव्हा उघडते. मागणी दूरध्वनीवर घ्यावी. त्या वर्षात कोणती विचारणा येते आणि त्यातील कितींच्या हाती चिठ्ठी असते, याची वही ठेवावी. विक्रीचे दुकान उघडावयाचेच असेल तर त्या वहीवरून प्रथम अनुसूचीबाहेरील औषधांपुरते उघडावे, आणि ते काम या क्षेत्रातील माहितगार व्यावसायिकाकडून करून घ्यावे. नाव व परवलीचे शब्द मात्र आपल्याच कपाटात असू द्यावेत.

खर्चाबद्दल एवढेच की पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत पाहून निर्णय करू नये. नूतनीकरणाची रक्कम आधी वाचावी, ती डॉलरमध्ये आहे की रुपयांत हे पाहावे, आणि नूतनीकरणाची तारीख औषधी परवान्याच्या तारखेशेजारी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.