शहराचा ठराव : मत कोणाचें?

अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या कारभाराशीं आमच्या शेतकरी, सुतार, कुंभार वाचकांचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. ज्याच्या घरचा कोणी ना कोणी मुंबईस, पुण्यास किंवा ठाण्यास भाड्याच्या खोलींत राहत नाहीं, असा शेतकरी आज शोधावा लागेल. ती चाळ पाडावी कीं राखावी, तिच्या जागीं किती मजले चढावे, हें ठरविणारे कायदे विधिमंडळांत व दिल्लीस होतात. आणि ते होत असतां शहराच्या नांवानें कोणी तरी बोलत असतो. तो कोण, आणि कोणाच्या तर्फे बोलतो, हें पाहण्यास लॉस एंजेलिसचा दाखला चांगला. कारण तेथें हें काम उघड सभेंत व कागदावर होतें.

तेथील नगरसभा अवघ्या पंधरा सभासदांची. वस्ती सुमारें अडतीस लाख. म्हणजे एकेका सभासदाच्या वांट्यास अडीच लाखांवर माणसें. तेथें नियम असा कीं, राज्याच्या किंवा संघराज्याच्या कायदेमंडळापुढें आलेल्या बिलावर शहराचें मत म्हणून जें सांगावयाचें, तें आधीं नगरसभेनें ठरावानें मान्य केलें पाहिजे व त्यास महापौराची संमति पाहिजे. एक सभासद ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, मग तो समितीकडे जातो. नगरसभेचा एक कायम अधिकारी बिल वाचून पाठिंबा द्यावा कीं विरोध करावा याचा अहवाल लिहितो. ठराव पास झाला म्हणजे शहराचे पगारी प्रतिनिधि तो घेऊन सॅक्रॅमेंटोस व वॉशिंग्टनास आमदार-खासदारांच्या दारीं जातात. कोणी कोणत्या बाजूस हात वर केला याची नोंद राहते, आणि ती कोणासही पाहतां येते. आमच्याकडे एवढें झालें तरी पुष्कळ झालें!

ठरावानें वरच्या सरकारास बांधून घेतां येतें असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंत नगरपालिका हें राज्याचें लेंकरूं मानतात. पिट्सबर्ग शहरास शेजारचें अ‍ॅलेगेनी शहर जोडण्याचा कायदा झाला तेव्हां अ‍ॅलेगेनीच्या बहुसंख्य मतदारांनीं नको म्हटलें. तंटा वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला. १९०७ सालीं निकाल लागला कीं, राज्यास वाटेल तर तें शहर मोडील, जोडील किंवा त्याचे अधिकार काढून घेईल. अ‍ॅलेगेनी तेव्हांच पुसलें गेलें. तेव्हां ठराव म्हणजे अर्ज होय. पण अडतीस लाखांच्या नांवानें केलेला अर्ज आमदारास सहज फेंकून देतां येत नाहीं. आणि म्हणूनच त्या अर्जावर खरा अंगठा कोणाचा, हें विचारलें पाहिजे.

आतां घरांची गोष्ट घ्या. लॉस एंजेलिसांत निम्म्याहून अधिक कुटुंबें भाड्यानें राहतात. उलट रहिवासाच्या जमिनीपैकीं सुमारें तीन चतुर्थांश जमिनीवर एका प्लॉटावर एकच घर, असा शहराचा नियम कैक वर्षें चालत आला. जागा थोड्यांच्या हातीं आणि घरें कमी, मग भाडें चढणार नाहीं तर काय होणार? २०१८ च्या आरंभीं स्कॉट वीनर या सॅन फ्रान्सिस्कोच्या सिनेटरानें राज्याच्या सभेंत बिल आणलें कीं, रेल्वे-स्टेशनांजवळ शहराचा नियम कांहींही असो, चार-पांच मजली इमारती बांधूं द्याव्या. लॉस एंजेलिसच्या नगरसभेनें एकमतानें विरोध केला. बिल पहिल्याच समितींत पडलें. त्याच गृहस्थानें डिसेंबर १९१८ नव्हे, बरोबर शंभर वर्षांनंतरच्या २०१८ च्या डिसेंबरांत दुसरें बिल मांडलें. २०१९ च्या एप्रिलांत नगरसभेचा पुन्हा एकमतानें विरोध. जानेवारी २०२० मध्यें सिनेटांत त्यास १८ मतें पडलीं. लागत होतीं २१.

भाडेकरूंची बहुसंख्या असलेल्या शहराची सभा दोन्ही वेळां एकमुखानें नाहीं म्हणते, हें नवल नव्हे काय? दिवसा भरणाऱ्या सभेस कामावरची मजुरी बुडवून कोण येणार? ज्याचें घर आहे, ज्यास वेळ आहे, तो येतो, पत्रें लिहितो, आणि त्याचेंच बोलणें "शहराचें मत" होऊन बसतें. तरी एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. पहिल्या बिलास गरीब वस्त्यांतील भाडेकरूंच्या संस्थांनींही विरोध केला होता. त्यांचें भय निराळें होतें. नवी इमारत उठण्यासाठीं जुनी पाडतील, आणि आम्हांस बिऱ्हाड उचलावें लागेल, हें तें भय. तें खोटें नव्हतें; म्हणून पुढच्या बिलांत भाडेकरू राहत असलेल्या इमारतींस राखणारीं कलमें घालावीं लागलीं. म्हणजे बंगलेवाल्याचें नाहीं आणि खोलीवाल्याचें नाहीं, अशीं दोन नाहीं एकाच ठरावांत कोंबलीं गेलीं, आणि सॅक्रॅमेंटोस पोंचतांना त्यांतलें बंगलेवाल्याचेंच मोठ्यानें ऐकूं गेलें, असें आम्हांस वाटतें.

२०२५ सालीं तिसरें बिल आलें. स्टेशनालगत कांहीं ठिकाणीं नऊ मजल्यांपर्यंत मुभा. या खेपेस नगरसभेंत आठ विरुद्ध पांच अशी फूट पडली. विरोधाचा ठराव पास झाला, पण पांच जणांनीं त्याविरुद्ध हात वर केला. बिल मंजूर झालें, आणि १० ऑक्टोबर २०२५ रोजीं गव्हर्नरानें सही केली. त्या पांच हातांस आम्ही कमी लेखीत नाहीं. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पर्यंत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयाच्या स्वागतास हजार रुपये खर्चण्याचें निघालें तेव्हां, तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा, असें म्हणून विरुद्ध मत देणारे ते एकटे होते.

वॉशिंग्टनाकडे जाणाऱ्या ठरावांत पैशाचा हिशेब अधिक असतो. २०१७ सालीं तेथील प्रतिनिधिसभेच्या करबिलांत, स्वस्त घरांसाठीं ज्या कर्जरोख्यांतून पैसा उभा राहतो त्यांची करमाफी काढून टाकण्याचें कलम होतें. देशभरच्या शहरांनीं ओरड केली, आणि त्या डिसेंबरांत झालेल्या कायद्यांत ती माफी कायम राहिली. शहरें एका बाजूस उभीं राहिलीं म्हणजे वरचें सरकारही ऐकतें.

आमच्याकडेही हें घडलें आहे. १ जुलै २०१७ पासून जी. एस. टी. आला आणि मुंबईची जकात गेली. जकात हें महापालिकेचें सर्वांत मोठें उत्पन्न. महापालिकेंतील सत्ताधाऱ्यांनीं भरपाई थेट हातीं मिळावी म्हणून नेट धरला, आणि राज्याच्या कायद्यांत दरमहा भरपाईची तरतूद झाली. तिजोरीस हात लागतांच शहरास वाचा फुटते. चाळकऱ्याच्या खोलीस हात लागतो तेव्हां ती कां फुटत नाहीं?

शिवाय मार्च २०२२ मध्यें मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली, आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षें राज्य सरकारनें नेमलेला प्रशासक कारभार पाहत होता. त्या चार वर्षांत राज्याच्या एखाद्या बिलास शहराच्या नांवानें विरोध करावयाचा तर तो कोणी करावयाचा? ज्याची नेमणूक सरकारनें केली त्यानें? मुनिमानें सावकाराविरुद्ध साक्ष दिल्याचें आम्ही अजून ऐकलें नाहीं.

आतां नगरसेवक आहेत. पण आमचीं मुलें त्यांचीं मतदार आहेत काय? दहा-दहा वर्षें मुंबईस राहणाऱ्या पुष्कळांचें नांव अजून गांवच्याच यादींत असतें. कारण भावकीच्या ग्रामपंचायतींत एक मत कमी पडेल म्हणून आम्हीच तें हलवूं देत नाहीं. सरपंच आपला होतो खरा. पण मुलगा राहतो त्या वॉर्डाच्या नगरसेवकाच्या हिशेबीं तो मुलगा जन्मलाच नाहीं. पुढच्या सणास मुलगा घरीं आला म्हणजे हा विचार घरांत बसून करावा. यादींतील पत्ता बदलण्यास आठ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यास पैसा पडत नाहीं.