भूमिपूजनाले पैसा हाय, देखभालीले नाही!

राजेहो, आज जरा लांब लिहितो. वेळ असंल तर पूर्ण वाचा, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर वाचा. पण अर्धवट वाचून भांडायला येऊ नका.

परवा दुकानात लाखपुरीकडची एक म्हातारी आली होती. दोन किलो साखर, चहापत्ती, उदबत्ती एवढंच सामान. पैसे मोजता मोजता म्हणाली, "काहो भाऊ, शकुंतला आता कधी सुरू होते? ॲटोवाले लय पैसे घेतात." मी म्हटलं, "मावशी, मले काय मालूम?" ती म्हणाली, "तुमी तं पेपर वाचता." ती गेल्यावर मला माझीच लाज वाटली. पेपर वाचतो, फोनवर दिवसभर जगाच्या बातम्या बघतो, आणि आपल्या गावच्या गाडीचं काय झालं हे त्या बाईला सांगता येत नाही. मला कशाला, मूर्तिजापुरात कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ही पोस्ट.

नवीन पोरांसाठी थोडा इतिहास. मूर्तिजापूरहून यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूरहून अचलपूर ७६ किलोमीटर, असे एकूण १८९ किलोमीटर अडीच फुटी रूळ. गेल्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन नावाच्या इंग्रज कंपनीनं ही लाइन टाकली. आपल्यावर प्रेम होतं म्हणून नाही. वऱ्हाडातला कापूस जिनिंगमध्ये दाबून, गाठी बांधून मुंबईला न्यायचा आणि तिथून जहाजानं मँचेस्टरला, हा त्यांचा धंदा होता. धंदा म्हणून टाकली, पण टाकली. स्वतःचा पैसा लावला, पूल बांधले, स्टेशनं उभी केली, आणि त्यातली कितीतरी बांधकामं शंभर वर्षांनंतरही उभी राहिली.

१९५१ साली जीआयपी रेल्वे जाऊन मध्य रेल्वे आली. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण ही लाइन कागदावर कंपनीचीच राहिली. मालक कंपनी, गाडी चालवणार सरकार. करार संपला की पुढे वाढवायचा, पुन्हा संपला की पुन्हा वाढवायचा. ना धड विकत घेतली, ना धड सोडून दिली. तुमच्या-माझ्या घरात असं भाड्याचं घर कोणी पन्नास-साठ वर्षं चालवलं असतं का? एक तर घर विकत घेतलं असतं, नाहीतर दुसरीकडे राहायला गेलो असतो.

१९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या लाइनवर १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावलं. त्या इंजिनामागं बसून मी लहानपणी कारंज्याला मावशीकडे गेलो आहे. डोळ्यात कोळसा जायचा. गाडी इतकी हळू की पोरं उतरून पळत पुन्हा चढायची. पण पोचायची. आमच्या आजोबांनी कापसाची गाडी जुंपून जिनापर्यंत नेली, आणि तिथून गाठी शकुंतलेनं गेल्या. गरीब माणसाला एसटीपेक्षा किती तरी स्वस्त पडायची. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट, कारंजा, दारव्हा, कितीतरी गावांचं माहेर-सासर या गाडीनं जोडलेलं होतं.

मग काय झालं? २०१६ साली तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी ब्रॉडगेजला हिरवा कंदील दाखवला. आकडा आला १५०० कोटी. पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला, खोटं कशाला बोलू! त्यानंतर आधी यवतमाळची बाजू बंद झाली, मग अचलपूरची. म्हणजे नवीन गाडी येणार म्हणून पेढे खाल्ले आणि जुनी होती तीही गेली. आज रुळांत गाजरगवत आहे, बाभळी आहेत. अधूनमधून कोणी नेता येतो, निवेदन घेतो, फोटो काढतो. सर्वेक्षण, अहवाल, प्रस्ताव, पाठपुरावा, एवढे चार शब्द आळीपाळीनं पेपरात येतात. गाडी येत नाही.

आता कोणी म्हणेल, काका, तुम्ही जुन्या आठवणीत रडता. ती गाडी तोट्यात होती, ताशी वीस किलोमीटरनं चालायची, जगात कोण अशी गाडी ठेवतं? मान्य. मी दुकानदार आहे, तोटा मला कळतो. तोट्यातली गाडी माझ्या हौसेखातर चालवा असं मी म्हणत नाही. पण मग निर्णय घ्या ना! ब्रॉडगेज करायचं असंल तर करा आणि तारीख सांगा. करायचं नसंल तर तसं छातीठोक सांगा, जमीन मोकळी करा, त्या बायाबापड्यांसाठी एसटीच्या चार फेऱ्या वाढवा. तोट्यातल्या गाडीपेक्षा जास्त तोटा या लोंबकळत ठेवण्यात आहे. दहा वर्षं "विचाराधीन" असलेल्या कामाचा खर्च कोणी मोजत नाही, कारण तो सरकारच्या वहीत दिसत नाही. तो त्या म्हातारीच्या बटव्यात दिसतो.

आणि "पैसा नाही" हे मला सांगू नका. पैसा कुठं जातो ते बघा.

वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे. २८४ किलोमीटर. २००८-०९ मध्ये मंजूर झाली तेव्हा खर्च होता २७४ कोटी. आता तोच खर्च ३४०० कोटींच्या वर आहे, म्हणजे बारा पटींहून जास्त. आणि हातात काय आलं? २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते वर्धा ते कळंब हा सुमारे ४० किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. आनंद आहे, टाळ्या मीही वाजवल्या. पण पंधरा वर्षांत ४० किलोमीटर म्हणजे वर्षाला तीनही नाही. भूसंपादन असतं, जंगलाची परवानगी असते, सुरुवातीची वर्षं त्यात जातात, हे मला समजतं. तरी याच चालीनं पूर्ण लाइनला शंभर वर्षं लागतील. आमची शकुंतला वीसच्या चालीनं का होईना, रोज पुढे तरी जात होती.

गोसीखुर्द घ्या. १९८३ साली मान्यता, खर्च ३७२ कोटी. १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. नंतर सुधारित खर्च गेला १८ हजार कोटींच्या वर. पन्नास पट! शेजारी बुलढाण्यातला जिगाव प्रकल्प मूळ ३९४ कोटींचा, तोही तेरा हजार कोटींच्या वर. यात एकाच पक्षाचं नाव घेता येत नाही. काँग्रेस होती तेव्हाही हेच, युती होती तेव्हाही हेच, आघाडीतही हेच आणि महायुतीतही हेच. म्हणून खाली कमेंटमध्ये "मग अमक्यांच्या काळात काय होतं" असं लिहू नका. हेच होतं.

राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटी धरला आहे. हे कर्ज मंत्री फेडणार नाहीत. तुमचा नातू फेडणार आहे. माझ्या दुकानात कोणाची उधारी पाच हजारांवर गेली तर मी हात जोडून सांगतो, भाऊ, आधी मागचं जमा करा. सरकारला असं सांगणारा कोणी नाही.

आता मुद्द्यावर येतो. एवढा पैसा खर्च होतो आणि असलेली वस्तू का टिकत नाही? माझं साधं मत आहे. नारळ फोडायला फोटो असतो, दुरुस्तीला फोटो नसतो. नवीन कामात कंत्राट असतं, टक्का असतो, फलक असतो, फलकावर नाव असतं. नालीतला गाळ काढला तर कोणाचं नाव लिहिणार? स्लीपर बदलला तर कोण फीत कापणार? म्हणून पाण्याची टाकी बांधतात पण व्हॉल्व्ह बसवत नाहीत, इमारत बांधतात पण डॉक्टर देत नाहीत. घरात छप्पर गळत असताना कोणी दारात कमान बांधतं का? बांधलीच तर गावात त्याला शहाणा म्हणत नाहीत. सरकारनं तेच केलं की आपण त्याला विकास म्हणतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण माणसं बदलतात, खुर्ची तीच राहते. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. चांगला झाला. काही महिन्यांत पाइपलाइनसाठी तोच फोडला. आधी पाइप टाकून मग रस्ता करावा, एवढी अक्कल चौथीतल्या पोराला असते. मी अर्ज दिला. आवकचा शिक्का मारून दिला, बस. महिन्यानं गेलो, "साहेब मीटिंगला गेले." पुन्हा गेलो, "फाइल वर पाठवली." माहिती अधिकारात अर्ज टाकला तर "सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही" म्हणून दुसरीकडे पाठवला. दुसरीकडून काहीच नाही. रस्ता अजून तसाच आहे. पावसाळ्यात शेजारची पोरगी स्कूटीवरून पडली, हात मोडला. तिच्या हाताची फाइल कोणत्या टेबलावर आहे?

आणि कायदे नाहीत असं नाही. आपल्या महाराष्ट्रात २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा आहे. कोणत्याही टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही असं त्यात लिहिलं आहे. माहिती अधिकारात तीस दिवसांची मुदत आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कागदावर आपण स्वर्गात राहतो. पण दिरंगाई केली म्हणून शिक्षा झालेला माणूस तुम्ही पाहिला का? मी नाही पाहिला.

त्यात भर म्हणजे २०२२ पासून राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक व्हावी असं संविधान सांगतं. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. मधल्या काळात नाली तुंबली तर कोणाची कॉलर धरायची? नगरसेवक कसाही असो, तो चौकात चहा प्यायला येतो. प्रशासक येत नाही.

मी जुन्या वळणाचा माणूस आहे. सरकारनं माझ्यासाठी सगळं करावं असं मला वाटत नाही. माझं दुकान मी चालवतो, पोरांची शिक्षणं मी केली. सरकारनं थोडंच करावं, पण जे हातात घेतलं ते नीट करावं, आणि त्याचा हिशोब द्यावा. बस.

पण दोष एकट्या सरकारचा नाही, आपलाही आहे. भूमिपूजनाला आपण जातो, टाळ्या वाजवतो, नाश्ता करतो. दोन वर्षांनी त्या दगडाकडे बघतही नाही. मतं मागायला आले की "समाजमंदिर द्या, सभामंडप द्या" म्हणतो. "आधीचं दुरुस्त करा" असं कोणी म्हणत नाही. आपण मागतो तेच ते देतात.

आपल्याच तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या शेतात राबत डेबू लहानाचा मोठा झाला आणि पुढे गाडगेबाबा झाला. त्या माणसानं हातात खराटा घेतला. गावात आल्यावर आधी गाव झाडायचा, मग कीर्तन करायचा. लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःसाठी फुटकं गाडगंच ठेवलं. आधी आहे ते साफ करा, मग पुढचं बोला, एवढंच तो माणूस आयुष्यभर करून दाखवत राहिला. आपण त्याच्या नावानं अभियान काढलं, बॅनर छापले. खराटा कुठं आहे?

तर मी ठरवलं आहे, आणि तुम्हालाही सांगतो. यापुढे जो कोणी मत मागायला दारात येईल, त्याला तीनच प्रश्न विचारणार. एक, शकुंतला होणार की नाही, हो असंल तर तारीख काय आणि नाही असंल तर तसं लेखी देता का? दोन, मागच्या पाच वर्षांत या वॉर्डात जे बांधलं त्याच्या देखभालीला किती पैसा ठेवला? तीन, तुम्ही नवीन काय बांधणार ते नंतर सांगा, जुनं काय दुरुस्त करणार ते आधी सांगा. उत्तर आलं तर इथंच टाकीन, पक्ष कोणताही असो. उत्तर नाही आलं तर तेही टाकीन.

शकुंतलेबद्दल माहिती अधिकाराचा अर्ज मी या सोमवारी पोस्टात टाकतोय. तुमच्यापैकी दहा जणांनी टाकला तर अकरा होतील. अर्ज कसा लिहायचा हे माहीत नसंल तर संध्याकाळी सातनंतर दुकानात या, मी लिहून देतो. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर तेवढी सोबत आणा.

आणि ती लाखपुरीची मावशी पुढच्या बाजाराला पुन्हा येईल. तेव्हा "मले काय मालूम" असं मला म्हणायचं नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, पण आकडे घेऊन या, शिव्या घेऊन नको.