सर्व्हरला दंड कोण करणार?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २८ एप्रिल २०१५ पासून लागू झाला. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही आणि विलंबाचे पुरेसे कारण दाखवता आले नाही, तर पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपये दंड करण्याची तरतूद त्यात आहे. ही लहान गोष्ट नव्हे. नागरिकाने अर्ज करायचा आणि साहेबांच्या मर्जीची वाट पाहायची, ही इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली रीत या कायद्याने निदान कागदावर तरी मोडीत काढली. पुढे एकेक करून सेवा संगणकावर गेल्या आणि विलंबाला नवे कारण सापडले : सर्व्हर बंद आहे. या वाक्यापुढे अर्जदार हतबल आणि अधिकारीही हतबल. कायद्याने अधिकाऱ्याला बांधले; यंत्रणेला मात्र कोणीच बांधलेले नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात या प्रश्नाची धार अधिक जाणवते. नऊ तालुके, आठशेहून अधिक ग्रामपंचायती आणि डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. मंडणगड तर जिल्ह्याच्या मुख्यालयापासून शंभर किलोमीटरांहून दूर. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्न, अधिवास, जात, नॉन-क्रीमीलेअर अशा दाखल्यांसाठी एकच गर्दी उसळते आणि नेमका त्याच सुमारास पाऊस सुरू होतो. झाड तारेवर पडते, वीज जाते, पाठोपाठ इंटरनेटही जाते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत कायद्याने १५ दिवसांची. पण महाविद्यालयाची प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. पहिल्या एस.टी.ने तालुक्याला आलेल्या पालकाला ‘उद्या या’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याची दिवसाची मजुरी बुडते आणि दुहेरी भाडे अंगावर पडते. हा खर्च शासनाच्या कोणत्याही लेखाशीर्षात दिसत नाही.

म्हणून संगणकीकरणाला नाके मुरडण्याचे कारण नाही. कोकणातील सातबारा म्हणजे नावांची माळ. निम्मे हिस्सेदार गावात, निम्मे मुंबई-ठाण्यात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि केवळ उताऱ्यासाठी रजा काढून गावी येण्याचा चाकरमान्यांचा व्याप वाचला. अशी सोय एकदा हाती आली की ती काढून घेता येत नाही. त्यामुळे ती अखंड चालू ठेवणे हे रस्ता आणि पाणी यांच्याच पंक्तीतील कर्तव्य ठरते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची वीज दीर्घकाळ खंडित केली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. अशा काळात सरकारी सेवा कशा चालाव्यात, याची पर्यायी तजवीज प्रत्येक तहसील कार्यालयात हवी. ती चैन नव्हे.

शासनाने आजवर काही केले नाही, असेही नाही. ‘सेतू’ केंद्रे आली, २०११ पासून ग्रामपंचायतींत ‘संग्राम’ प्रकल्प चालला, २०१५ अखेर तो संपला, पुढच्या वर्षी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले. पाटी बदलली, कंत्राट बदलले. खुर्चीवरचा संगणक परिचालक मात्र तोच, थकलेल्या मानधनासाठी आंदोलन करणारा. नव्या व्यवस्थेत ग्रामपंचायतींनी वित्त आयोगाच्या निधीतून केंद्रामागे दरमहा १२ हजारांहून अधिक रुपये द्यावयाचे ठरले, म्हणजे वर्षाकाठी सुमारे दीड लाख. कोकणातील लहान ग्रामपंचायतीला ही रक्कम जड आहे. धोरण मंत्रालयाचे, कंत्राट मंत्रालयाचे आणि खर्च गावाचा! खर्चाच्या एकत्रीकरणाची ही भलतीच तऱ्हा म्हणावी लागेल.

सर्व विभागांची माहिती-तंत्रज्ञानाची कामे एका छत्राखाली आणण्यासाठी महाराष्ट्र माहिती तंत्रज्ञान महामंडळ, म्हणजेच ‘महाआयटी’, स्थापन झाले. कल्पना रास्त होती. प्रत्येक खात्याने स्वतःचा सर्व्हर, स्वतःचे संकेतस्थळ आणि स्वतःचा कंत्राटदार पोसणे ही उधळपट्टीच. परंतु २०१७ च्या शेतकरी सन्मान योजनेत ऑक्टोबरमध्ये कर्जमाफीच्या याद्या सदोष निघाल्या आणि त्या संकेतस्थळावरून मागे घ्याव्या लागल्या. नोकरभरतीचे महापरीक्षा पोर्टल उमेदवारांच्या रोषामुळे २०२० मध्ये बंद झाले. मग भरती पुन्हा विभागांकडे आणि खासगी संस्थांकडे गेली, तर २०२१ मध्ये आरोग्य विभागाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि नंतर प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण पोलिसांत गेले. राज्यात या काळात सरकारे बदलली, अनुभव बदलला नाही. छत्र एक असो वा अनेक, चुकल्यास नाव कोणाचे घ्यायचे हे ठरलेले नसेल तर उमेदवाराच्या आणि शेतकऱ्याच्या वाट्याला तेच येते.

अडचणीचे मूळ अंदाजपत्रकात आहे. संगणक खरेदीला निधी सहज मिळतो. उद्घाटन करता येते, छायाचित्र छापून येते. तो संगणक पाच वर्षे चालवण्याचा खर्च, म्हणजे देखभाल, विजेचा पर्याय, दुसरी इंटरनेट जोडणी, माहितीची सुरक्षित प्रत आणि परिचालकाचे वेतन, याला मात्र कोणी वाली नसतो. मार्चअखेर निधी ‘जाऊ नये’ म्हणून खोकी येतात आणि पावसाळ्यात ती बंद पडतात. २०११ च्या ई-प्रशासन धोरणाने प्रत्येक विभागाला अंदाजपत्रकातील ठरावीक हिस्सा या कामासाठी राखून ठेवण्यास सांगितले होते. तो हिस्सा खरेदीवर किती गेला आणि चालू खर्चावर किती, हे विधिमंडळापुढे विभागवार एकत्रित मांडले गेले पाहिजे. वित्त विभागाच्या ‘बीम्स’ प्रणालीवर निधीवाटप संगणकावर नोंदले जाते. त्यातून हा हिशेब काढणे अशक्य कोटीतील काम नाही.

कंत्राटातही बदल हवा. सेवा जितके तास बंद तितकी देयकात कपात, आणि हे तास मोजायचे ते दापोली, लांजा, राजापूर येथील खिडकीवर. मुंबईतल्या नियंत्रण कक्षात नव्हे, कारण तिथे दिवा बहुधा हिरवाच असतो. प्रत्येक तहसील कार्यालयाने खंडित वेळेची नोंद रोज ठेवावी, ती फलकावर लावावी आणि अर्जदाराच्या पावतीवरही तेवढे तास लिहून द्यावेत. लोकसेवा हक्क आयोग आपला वार्षिक अहवाल देतच असतो. अधिकाऱ्यांच्या विलंबाच्या आकड्यांशेजारी यंत्रणेच्या विलंबाचा एक तालुकावार रकाना त्यात वाढवावा.