काचेचा आणि गॅसचा संबंध काय?

ऐन पावसाळ्यात आमच्या गाडीची डावीकडची काच खाली गेली, ती वर येईना. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने बॉनेट उघडलं, सीएनजीचं किट पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे बाहेरून बसवलंय. वॉरंटी गेली." आरटीओत किटची नोंद आहे, हे सांगूनही उपयोग नव्हता. इंजिन बिघडलं असतं, किटसाठी काचेच्या वायरी कापल्या असत्या, तर मी निमूट ऐकलं असतं. पण खिडकीच्या मोटरचा गॅसशी संबंध काय?

"किटमुळे हाच भाग कसा बिघडला, ते लेखी द्या," एवढंच मी म्हटलं. मग साहेब आले, चहा आला. कागद काही आला नाही! (हा चहा नेमका अशाच वेळी का येतो?)

लेखी नकार मागणं आपल्याला उगाच भांडखोरपणा वाटतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माझी गाडी सव्वासहा लाखांची, म्हणून शुल्क २०० रुपये. गरज पडल्यास आयोग सदोष भाग प्रयोगशाळेत तपासूनही घेतो.

नोटीस मी पाठवली आहे. तूर्त काचेच्या जागी प्लॅस्टिकचा कागद फडफडतो आणि आमच्या सौभाग्यवती मागच्या सीटवर बसतात.