अर्धी नोट

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरींत माळ्यावरची शिसवी पेटी खालीं आली, आणि पणजोबांच्या १८९६ सालच्या कीर्दींतून एक कागद नातवाच्या हातीं लागला. एका अंगास छापील, दुसऱ्या अंगास कोरा, आणि मधोमध कापलेला. "आजोबा, ही तर अर्धीच नोट!" असें म्हणून त्यानें ती रद्दींत टाकिली. मीं ती उचलून घेतली.

नोट दहा रुपयांची. १८६१ च्या कायद्यानें नोटा काढण्याचा अधिकार हिंदुस्थान सरकारनें आपल्याकडे घेतला. तत्पूर्वीं मुंबई, बंगाल व मद्रास या इलाख्यांच्या बँका नोटा काढीत. सरकारच्या आरंभींच्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीचें चित्र असे. परंतु खोट्या नोटांचा सुळसुळाट झाल्यामुळें १८६७ पासून दुसऱ्या घाटाच्या नोटा आल्या. त्याही एकाच बाजूस छापलेल्या. मुंबई, कलकत्ता असे चलनाचे विभाग होते, व ज्या विभागांत नोट निघाली तेथेंच तिचे रोख रुपये मिळत. १९०३ ते १९११ या काळांत पांच, दहा, पन्नास व शंभर रुपयांच्या नोटा क्रमाक्रमानें देशभर चालूं लागल्या.

टपालानें नोट पाठवावी तर वाटेंत चोरीचें भय. म्हणून ती मधोमध कापीत. एक भाग आधीं पाठवीत आणि पोंच आली म्हणजे दुसरा. क्रमांक दोन्ही भागांवर असल्यामुळें जोड जुळविणें सोपें जाई.

मग आमच्या घरीं दुसरा भाग कां नाहीं? धाकटे बंधू म्हणाले, "दादा, पाठविणारानें फसविलें असेल." माझ्या मनांत मात्र वेगळीच शंका आली. पणजोबांनीं पोंच पाठविलीच नसली तर? भीतभीतच कीर्द उघडली. एका पानावर, "अर्धी पोंचली, पोंच दिली," एवढें मोडींत लिहिलें होतें. ती रक्कम जमेस मात्र कोठेंही धरलेली नव्हती. मन हलकें झालें.

जुन्या नोटांच्या एका जाणत्या संग्राहकास ती दाखविली. ते म्हणाले, अखंड नोटेचें मोल मोठें, सांधलेलीचें कमी, अर्धीचें त्याहून कमी. मीं कीर्दीचें तें पान पुढें केलें, तेव्हां ते सरसावून बसले. "गुरुजी, हीं दोन कधीं वेगळीं करूं नका," एवढेंच बोलले.

वाचकहो, आपल्याही पेटींत असा कागद निघाल्यास त्यास इस्तरी करूं नये, धुवूं नये आणि चिकटपट्टी तर मुळींच लावूं नये. तिच्या डिंकाचा पिवळा डाग पुढें जात नाहीं. कोरड्या, अंधाऱ्या जागीं तो सपाट ठेवावा. आणि ज्या वहींत सांपडला ती वही रद्दींत घालूं नये.

नातवानें आतां नोट त्याच पानांत ठेविली आहे. पेटीची किल्लीही त्यानेंच मागून घेतली.