पुस्तक पुठ्ठ्यासकट जपा

महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या ग्रंथालयांत तपकिरी पुठ्ठ्याचे जाड ठोकळे ओळीने उभे दिसतात. पाठीवर रंगाने लिहिलेला दाखल क्रमांक, आत पिवळी पडलेली पाने. मूळ मुखपृष्ठ गेलेले, मागच्या जाहिराती गेलेल्या, समास कापलेला. कुण्या वाचकाने शंभर वर्षांपूर्वी समासात पेन्सिलीने केलेल्या टिपणाची अर्धीच ओळ उरलेली. दप्तरी हे पुस्तक बांधून आले, दुरुस्त झाले. जुन्या पुस्तकांच्या संग्राहकाला विचारले, तर तो सांगेल की त्याचा निम्मा पुरावा नष्ट झाला.

दोष बाइंडरच्या हाताचा नाही. त्याला सांगितलेले काम तो करतो, आणि तेही तुटपुंज्या दरात. चांगली जुनी बांधणी जुजबंदीची असते. घडी घातलेले फर्मे घडीतून एकमेकांना शिवलेले असतात, म्हणून पुस्तक सपाट उघडते. नव्याने बांधताना वेळ वाचवण्यासाठी कण्याकडची घडीच कापून टाकतात आणि कडेने भोके पाडून दोरा ओवतात. मग पुस्तक नीट उघडत नाही, वाचक ते जोर लावून दाबतो आणि ठिसूळ पान शिलाईपाशी तुटते. पुन्हा बांधणी, पुन्हा कटिंग. दर खेपेला समास आणखी अरुंद होतो.

पोथीचे हाल तर याहून वाईट. आपल्याकडे ग्रंथाचा मूळ घाट शिवलेल्या पुस्तकाचा नव्हताच. सुटी आडवी पत्रे, वर-खाली फळ्या, भोवती रुमाल. छपाई आली तरी हा घाट लगेच सुटला नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले, तेव्हा छापील धर्मग्रंथ सोवळ्याला चालेल का, अशी लोकांना शंका होती. म्हणून त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप वापरल्याचे मुद्रणाच्या इतिहासात नोंदले आहे. त्या काळात कितीतरी ग्रंथ सुट्या पत्रांच्या पोथीरूपातच छापले गेले. हस्तलिखिताकडून छापील ग्रंथाकडे जाताना मराठी समाजाने काय सोडले आणि काय धरून ठेवले, हे त्या सुट्या पत्रांकडे पाहताच कळते. अशी पोथी कडेने टाचून पुठ्ठ्यात घातली, की अक्षरे राहतात, पण ही गोष्ट पुसली जाते.

मासिकांचेही तेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला मराठी दिवाळी अंक काढला. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात कोणते औषध, कोणते तेल, कोणते घड्याळ येत होते, हे शोधायला मासिकांच्या जाहिरातींसारखे साधन नाही. वर्षाचे अंक एकत्र बांधताना मात्र नेमकी तीच पाने निरुपयोगी म्हणून फाडली जातात. चित्रकार दीनानाथ दलालांनी रंगवलेली पुस्तकांची वेष्टणेही अशीच कचऱ्यात गेली. इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात स्कॉट फिट्झजेरल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ची १९२५ ची पहिली आवृत्ती मूळ कागदी वेष्टणासह मिळाली, तर तिला वेष्टण नसलेल्या प्रतीच्या कितीतरी पट किंमत येते. तिथल्या संग्राहकांना वेष्टणाचे मोल कळले. आपण ते पहिल्याच दिवशी काढून खाकी कव्हर घालतो.

पुस्तकावरच्या खुणा म्हणजे पुस्तकाचे चरित्र. तंजावरच्या सरफोजीराजांनी, म्हणजे दुसऱ्या सरफोजींनी, जगभरातून ग्रंथ जमवले. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या त्यांच्या युरोपीय पुस्तकांवर त्यांची स्वाक्षरी सापडते. एका मराठी राजाने काय वाचायला घेतले याचा तो थेट दाखला आहे. स्वाक्षरीचे ते पान निरुपयोगी म्हणून बाइंडरने काढले असते, तर हा दाखलाही गेला असता.

यावर हल्ली उत्तर मिळते, की स्कॅन झाले आहे, आता प्रत कशाला? स्कॅन हवाच, त्याने वाचक वाढतो आणि मूळ प्रतीची हाताळणी कमी होते. पण कागद हातकागद आहे की गिरणीचा, शिलाई कशी, पुठ्ठ्याला कापड कोणते, हे पडद्यावर कळत नाही. आणि छापले म्हणजे टिकले असेही नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोलला रोमन लिपीत छापले गेले. सतराव्या शतकातच त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मराठीतला हा आद्य मुद्रित ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तो हस्तलिखितांमुळे.

जपण्याला फार पैसा लागतो, ही समजूत चुकीची आहे. पुठ्ठा सुटला असेल तर सुती फितीने पुस्तक बांधून आम्लरहित कागदाच्या खोक्यात ठेवले तरी पुष्कळ झाले. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीच लावू नये, तिचा डाग निघत नाही. पिठाची पातळ खळ आणि तलम कागद वापरला तर पुढेमागे पाण्याच्या हाताने जोड सोडवता येतो, बाजारातल्या पांढऱ्या गोंदाचा जोड सुटत नाही. खळीत पूर्वी मोरचूद घालत. कसरीपासून बचाव होई, पण तांबे कागदाला पुढे घातक ठरते, म्हणून जाणकार आता ते टाळतात.

ग्रंथालयांना अनुदान देताना सरकारने बांधणीच्या संख्येपेक्षा जपणुकीकडे पाहावे. शंभर वर्षांहून जुने पुस्तक तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय कटिंगला जाणार नाही, असा साधा नियम जिल्हा ग्रंथालयांपासून सुरू करावा. आणि वाचकांनी, दिवाळीची आवराआवर करताना आजोबांचे कपाट रद्दीवाल्यापुढे उघडण्याआधी, प्रत्येक पुस्तकाचे पहिले आणि शेवटचे पान एकदा उलटून पाहावे.