पार्कमधला 'र' आला कुठून?

पार्क चान-वूक या माणसाच्या आडनावात 'र' नाही. 'ओल्डबॉय'च्या दिग्दर्शकाबद्दल बोलतोय. मराठीत सगळीकडे त्याला 'पार्क' लिहितात, जणू काही साहेब शिवाजी पार्कात राहतात. कोरियन लिपीत, म्हणजे हांगुलमध्ये, त्याच्या आडनावात तीनच अक्षरं आहेत. आपल्या कानाला प आणि ब यांच्या मधला वाटेल असा एक ओठांचा आवाज, मग 'आ', आणि शेवटी तोंडातच अडकवून ठेवलेला 'क्'. पाक. संपलं.

मग हा 'र' आणला कोणी? इंग्रजीने! लंडनच्या इंग्रजीत 'कार' किंवा 'पार्क'मधला र कोणी उच्चारत नाही, तो फक्त 'आ' लांबवण्यासाठी असतो. त्या हिशेबाने कोणीतरी पी-ए-आर-के असं स्पेलिंग केलं आणि ते रूढ झालं. आता आपण मराठी माणसं! समोर र दिसला की तो खणखणीत म्हटल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. झालं, पाकचा पार्क झाला. 'ली'ची तीच गत. दक्षिण कोरियात ते आडनाव नुसतं 'ई' आहे, 'ल' औषधालासुद्धा नाही. 'चोई मिन-सिक' हा खरा 'छ्वे मिन्शिक'. आणि सगळ्यात गंमत म्हणजे 'चान-वूक' हे चक्क 'छान-उक' आहे. म्हणजे माणसाच्या नावातच 'छान' आहे आणि आपण ते रोमनच्या नादात घालवून बसलोय :-)

असो. एवढ्यावरच असतं तर पंडिती खुसपट म्हणून सोडून दिलं असतं. पण कोरियन सूडपटांत नाव म्हणजे पुरावा असतो, म्हणून ते मला सोडवत नाही. २००३ च्या 'ओल्डबॉय'चंच घ्या. (इथून पुढे थोडे स्पॉयलर्स आहेत. शेवटचा धक्का सांगणार नाही, घाबरू नका.) नायकाचं नाव ओ दे-सू. सुरुवातीलाच तो स्वतःच्या नावाची फोड करून सांगतो. 'ओनुल' म्हणजे आज, त्यातला ओ. 'देछुंग' म्हणजे जेमतेम, त्यातला दे. 'सूसूप' म्हणजे निस्तरणं, त्यातला सू. थोडक्यात, आजचा दिवस कसाबसा निभावून नेणारा माणूस. आणि याच माणसाला पंधरा वर्षं एका खोलीत कोंडून ठेवतात! सबटायटल्समध्ये आपल्याला फक्त अर्थ कळतो. तो अर्थ त्या तीन अक्षरांतून कसा निघाला, हे कळत नाही.

त्या खोलीत त्याला रोज तेच डंपलिंग खायला देतात. सुटल्यावर त्याच्या हातात धागा असतो तो एका कागदाच्या तुकड्याचा, ज्यावर चिनी हॉटेलच्या नावातली दोन अक्षरं आहेत: 'छॉङ' आणि 'र्योङ', म्हणजे निळा ड्रॅगन. लिहिताना र, पण बोलताना मात्र होतं 'छॉङन्योङ'. पुढचा दुवा शाळेच्या नावाचा. लिहायचं 'साङ-रोक', म्हणायचं 'साङनोक'. अर्थ सदाहरित. (ङ हे अक्षर शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच वापरतोय, बरं वाटलं!) दोन्हीकडे नियम एकच, ङ च्या मागून आलेल्या र चा न होतो.

आता दहावीचं व्याकरण आठवा. वाक् + मय = वाङ्मय. जगत् + नाथ = जगन्नाथ. पुढे अनुनासिक आलं की आधीचं व्यंजन आपल्याच वर्गातल्या अनुनासिकात बदलतं. कोरियनमध्ये 'हानगुक' म्हणजे कोरिया आणि 'माल' म्हणजे भाषा. दोन्ही जोडून म्हणताना 'हानगुङमाल' होतं. क् + म = ङ्म. वाङ्मयच की हे! हा नियम माझ्या डोक्यात शिरला तेव्हा मी शनिवारची अर्धी रात्र जागून काढली होती. जी गोष्ट इंग्रजी पुस्तकं दोन पानं आणि एक तक्ता घालून समजावतात, ती मराठी मुलाला 'संधी' या एका शब्दात कळते. अट एवढीच, की ती त्याच्यापर्यंत रोमनमधून यायला नको.

रोमनने कोरियनशी बरीच झटापट केली आहे. १९३७ साली मॅक्यून आणि रायशाउअर या दोघांनी एक पद्धत बनवली. तिच्यात महाप्राणांसाठी, म्हणजे ख, थ, फ, छ साठी, अक्षरापुढे वर एक टिंब काढायचं आणि काही स्वरांच्या डोक्यावर अर्धचंद्र द्यायचा. लोकांनी अर्थातच टिंबंही गाळली आणि चंद्रही. कंप्युटर आल्यावर तर विचारायलाच नको. मग २००० साली कोरियन सरकारने ही सगळी नक्षी काढून नवी पद्धत आणली. पुसानचं बुसान झालं. तिथल्या फिल्म फेस्टिव्हलने मात्र 'पी' सोडून 'बी' घ्यायला २०११ उजाडवलं. लोकांच्या आडनावांना हा नियम सक्तीचा केला नाही, म्हणून पार्क आणि ली जागेवरच राहिले.

आणि आपल्या वर्णमालेत ख, थ, फ, छ हजार वर्षांहून जास्त काळ बसलेले आहेत! तरीही आपण 'तायक्वांदो' लिहितो. रोमनमध्ये टी-ए-ई आहे, त्या 'एई'चा उच्चार 'आय' असेल असं कोणीतरी ठरवून टाकलं. कोरियनमध्ये तो 'थे' आहे, स्वच्छ महाप्राण थ. थेक्वॉन्दो.

देवनागरी परिपूर्ण आहे असं माझं बिलकूल म्हणणं नाही. त्यांचा एक स्वर आपल्या अ आणि ऑ च्या मध्ये कुठेतरी बसतो, दुसरा एक तर आपल्याकडे नाहीच. क, ख आणि आवळलेला क्क असा त्यांचा तिहेरी भेद आहे, त्यातला तिसरा लिहिताना आपली पंचाईत होते. पण आपल्या चुका निदान आपल्या असतील, इंग्रजीकडून उसन्या आणलेल्या नसतील.

उसन्या चुकांचं काय होतं ते बघायला कोरियात जायची गरज नाही. मी नवी मुंबईत राहतो आणि घरातून निघालो की सायन-पनवेल हायवेला लागतो. 'सायन' हा शब्द मराठीत आला कुठून? मूळ नाव शीव. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधली शीव, म्हणजे हद्द, वेस. ते रोमनमध्ये एस-आय-ओ-एन झालं आणि रोमनमधून परत येताना 'सायन' होऊन आलं. आता मराठी माणूससुद्धा रिक्षावाल्याला 'सायन' सांगतो. शीव म्हटलं तर 'ते कुठे आलं?' असं विचारतात. नावातला अर्थच गेला. पाकचा पार्क होणं आणि शीवचं सायन होणं हा माझ्या मते एकच गुन्हा आहे, गुन्हेगारही एकच आणि साथीदार आपण.

हिंदी सिनेमाने कोरियनांकडून कथा उचलल्या तेव्हा नावांचा विचार कोण करतो! २००६ चा 'जिंदा' म्हणजे 'ओल्डबॉय', परवानगी वगैरेच्या भानगडीत न पडता थेट बँकॉकला नेलेला, आणि मुळातला भयंकर शेवटही बदललेला. पण मला जास्त चुटपुट लागते ती २०१० च्या एका सिनेमाची. इंग्रजीत त्याला 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' म्हणतात. कोरियन नाव आहे 'आजॉशी', म्हणजे सरळसरळ 'काका'. शेजारची लहान मुलगी त्या एकलकोंड्या माणसाला ज्या नावाने हाक मारते तेच सिनेमाचं नाव. निशिकांत कामतांनी २०१६ मध्ये त्यावरून 'रॉकी हँडसम' केला. 'डोंबिवली फास्ट'मधला माधव आपटे ज्याने उभा केला, त्या माणसाला 'काका' या शब्दाचं वजन कोणी सांगायला हवं होतं का? पण मधे इंग्रजी शीर्षक आलं, मग हिंदी बाजार आला, आणि काकांचा रॉकी झाला. तसंच 'लेडी व्हेंजन्स'चं (२००५). त्याचं मूळ नाव साधारण 'प्रेमळ गुमजाबाई' असं आहे. नावात सुडाचा स पण नाही, आणि तीच खरी मेख आहे!

मित्र म्हणतात, त्या दिग्दर्शकाने स्वतःच पार्क लावलंय, मग तुला काय पडलंय? रोमनमध्ये लावलंय. तिथे त्याची मर्जी, खुशाल पार्क ठेवा. देवनागरीत काय लिहायचं ते त्याने ठरवलेलं नाही, ते आपण ठरवतोय, आणि न ऐकता ठरवतोय. सर्चमध्ये सापडणार नाही ही अडचण मात्र खरी आहे. काही वर्षं 'पाक (पार्क) छान-उक' असं कंस घालून काढावी लागतील.

तांत्रिकदृष्ट्या तर हे काम फारच सोपं आहे. यूनिकोडमध्ये हांगुलची जोडलेली अक्षरं ११,१७२ आहेत आणि ती क्रमाने लावलेली आहेत: १९ सुरुवातीची व्यंजनं, २१ स्वर, २८ शेवट (त्यातला एक म्हणजे 'काहीच नाही'). १९ × २१ × २८, गुणून बघा. त्यामुळे कुठलंही अक्षर सुटं करायला दोन भागाकार पुरतात. मी तेवढी स्क्रिप्ट लिहिली आहे, संधीचे नियम अजून अर्धवट आहेत.

आता उलट्या बाजूने. कोरियनमध्ये 'व' नाही, ते त्याच्या जागी ब लिहितात, आणि आपल्या 'अ'साठी आ. त्यामुळे नवी मुंबई त्यांच्याकडे 'नाबी मुम्बाई' होते. कोरियनमध्ये नाबी म्हणजे फुलपाखरू. फुलपाखरू मुंबई! सोमवारी सकाळी वाशी टोलनाक्यावर उभं राहून एकदा म्हणून बघा.